गच्चीवरच्या पाइपाला झाकण का नसते?

नाशिकच्या मुंबईकडील अंगाला अंबड आहे. तेथील एखाद्या घराच्या गच्चीवर सकाळच्या वेळी उभे राहून पाहा. एका बाजूला औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची पत्र्याची छपरे दिसतात. दुसऱ्या बाजूला सिडकोची एकमेकांना खेटून बांधलेली घरे, आणि थोड्या अंतरावर पांडवलेण्यांचा डोंगर. पण आज डोंगराकडे न पाहता जवळच्या गच्च्यांकडे पाहू या. प्रत्येक गच्चीवर पाण्याची टाकी आहे. टाकीतून निघालेले पाइप आहेत. कोठे सौर बंब आहे. आणि जवळजवळ प्रत्येक गच्चीच्या कडेला मनगटाहून जाड असा एक करडा किंवा पांढरा पाइप सरळ वर आलेला आहे. तो कोणत्याही टाकीला जोडलेला नाही. त्याला नळ नाही, तोटी नाही. वर येऊन तो नुसताच संपतो. त्याचे तोंड उघडे असते, फार तर त्यावर एक जाळीदार टोपी असते.

या पाइपातून पाणी वर येत नाही आणि वरून पाणी खाली सोडतही नाहीत. मग तो कशासाठी? घरातल्या मोठ्या माणसांना विचारलेत तर "हवेचा पाइप आहे" एवढे उत्तर मिळेल. उत्तर बरोबर आहे, पण पुरेसे नाही. पाण्याच्या कामात हवेचे काय काम?

हा पाइप निरुपयोगी समजून पुष्कळ ठिकाणी बंद केला जातो. गच्चीवर एखादी खोली वाढवायची असली की तो मध्ये येतो. मग गवंडी तो कापतो आणि वर झाकण बसवून मोकळा होतो. काही दिवसांनी खालच्या मोरीतून गुडगुड आवाज येऊ लागतो, पाठोपाठ दुर्गंधी येते, आणि घरातली माणसे मोरी घासून घासून थकतात. दोष मोरीत नसतोच. तो दोन मजले वर, त्या झाकणात असतो. हे कसे घडते ते आज आपण समजावून घेऊ.

पाणी येते दाबाने, जाते उताराने

घरातील पाइपांची दोन कुटुंबे असतात. पहिले कुटुंब स्वच्छ पाणी आणणाऱ्या पाइपांचे. गच्चीवरची टाकी तळमजल्याच्या नळापेक्षा ८ मीटर उंच असेल, तर नळाशी ८ मीटर उंचीच्या जलस्तंभाचा दाब मिळतो. हे पाइप नेहमी काठोकाठ भरलेले असतात. दाब असल्यामुळे ते बारीक असले तरी चालतात, आणि त्यांतून पाणी वर, खाली, आडवे कसेही नेता येते.

दुसरे कुटुंब सांडपाणी आणि मैला वाहून नेणाऱ्या पाइपांचे. यांत दाब नसतो. पाणी केवळ स्वतःच्या वजनाने, उताराने जाते. म्हणून आडव्या पाइपाला दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर उतार देतात. हे पाइप बरेच जाड असतात. मैल्याचा पाइप साधारण १० सेंटिमीटर व्यासाचा असतो. एवढ्या जाड पाइपात पाणी मात्र थोडेच असते आणि तेही अधूनमधून येते. मग उरलेल्या जागेत काय असते? हवा! सांडपाण्याचा पाइप हा खरे म्हणजे बहुतांश वेळ हवेने भरलेला पाइप असतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचे सगळे कोडे त्यावरच सुटणार आहे.

हे पाइप पाहायचे असतील तर घराबाहेरच्या भिंतीवर किंवा दोन भिंतींमधल्या उभ्या पोकळीत, म्हणजे डक्टमध्ये, डोकावून पाहा. इमारतीतल्या घरात नहाणीघराच्या माळ्यावर चढलात तर कित्येकदा वरच्या बिऱ्हाडाचे पाइप आणि त्यांची वळणे डोक्यावरच दिसतात. थंड देशांत उतरत्या छपराची घरे असल्यामुळे हेच पाइप छपराखालच्या पोटमाळ्यातून जातात. तुमचे काका किंवा मावशी अमेरिकेत राहत असतील तर त्यांच्या पोटमाळ्यावर असा प्लास्टिकचा उभा पाइप नक्की सापडेल. पण तोही तेथे संपत नाही. छपराला भोक पाडून तो बाहेर काढलेला असतो. देश कोणताही असो, त्याचे तोंड मोकळ्या आकाशाखालीच उघडले पाहिजे, हा नियम एकच आहे.

मोरीतले पाच सेंटिमीटर पाणी

आता खाली मोरीत येऊ. मोरीची जाळी उचलून आत पाहा. तळाशी थोडे पाणी साचलेले दिसेल. पाणी अडून राहिले आहे असे समजून ते काढू नका. ते मुद्दाम ठेवलेले असते.

मोरीखाली एक वाटीसारखे वळणदार भांडे बसवलेले असते. प्लंबर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. हा शब्द मोठा गमतीचा आहे. अर्धा आपल्या घरातला, अर्धा इंग्रजांचा, आणि देशभरच्या स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकांत तो जसाच्या तसा छापला जातो. हात धुण्याच्या भांड्याखालचा वाकडा पाइप आणि शौचकूपाचे आतले वळण हे याच नहाणी ट्रॅपचे भाऊबंद आहेत. या सर्वांत पाणी वळणातून पुढे निघून जाते, पण वळणाच्या खोलगट भागात सुमारे ५ सेंटिमीटर खोलीचे पाणी मागे राहते. त्याच्या अलीकडे तुमचे घर आणि पलीकडे गटार. मध्ये लाकडाचे वा लोखंडाचे दार नाही, आहे ती पाण्याची मोहोर. खालून येणारा वायू तिला ओलांडू शकत नाही, पण वरून टाकलेले पाणी मात्र सहज पुढे जाते. कोणताही फिरता भाग नसलेले, न गंजणारे आणि प्रत्येक वापरात स्वतःला धुऊन काढणारे याहून सोपे दार शोधणे कठीण आहे. शौचकूपासाठी अशा वळणाचे पेटंट १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग याने मिळवले. हा कमिंग स्कॉटलंडमधला आणि व्यवसायाने घड्याळजी होता!

दाराच्या पलीकडे असते तरी काय? मैला आणि सांडपाणी सडताना प्राणवायूशिवाय जगणारे जंतू त्यातून वायू बाहेर टाकतात. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, अमोनिया, आणि सडलेल्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. मिथेन जळणारा आहे. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, आणि त्याचा स्वभाव फसवा आहे. हवेच्या १ कोटी भागांत त्याचा १ भाग असला तरी बहुतेकांच्या नाकाला तो कळतो. परंतु १० हजार भागांत १ भाग एवढा तो वाढला की थोड्याच वेळात वासाची संवेदनाच बधिर होते. माणसाला वाटते, वास गेला, आता धोका नाही! आणि १ हजार भागांत १ भाग झाला तर एक-दोन श्वासांतच माणूस कोसळू शकतो.

घरातल्या मोरीतून एवढा वायू येत नाही. तेथे येते ती दुर्गंधी, आणि तिच्याबरोबर झुरळे व डास. पण सेप्टिक टँक किंवा भुयारी गटारात तो प्राणघातक प्रमाणात साठतो. हायड्रोजन सल्फाइडचा रेणुभार ३४ आणि हवेचा सरासरी सुमारे २९. म्हणजे तो हवेहून जड असल्यामुळे तळाशी राहतो. टाकीत उतरलेला माणूस आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसरा, असे दोघेही दगावल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. हे काम यंत्राने करावयाचे असते.

तेलाचा डबा आणि दुसरे भोक

आता मुख्य प्रश्न. मोरीत पाण्याचे दार आहे, मग गच्चीवरच्या पाइपाची गरजच काय?

गोडेतेलाचा पत्र्याचा डबा फोडताना आई किंवा बाबा काय करतात ते आठवा. एकच भोक पाडले तर तेल धड पडत नाही. थोडे पडते, थांबते, डबा आत हवा ओढतो, गुडगुड करतो आणि पुन्हा तेल उसळून पडते. म्हणून समोरच्या कोपऱ्यात दुसरे लहान भोक पाडतात. लगेच तेलाची धार संथ आणि सलग होते. दुसऱ्या भोकातून तेल येत नाही, पण त्यातून आत जाणाऱ्या हवेमुळे पहिल्या भोकातून तेल येते.

गच्चीवरचा पाइप हे तुमच्या घराच्या सांडपाण्याच्या डब्याला पाडलेले दुसरे भोक आहे.

तीन मजल्यांचे एक घर डोळ्यांसमोर आणा. तिसऱ्या मजल्यावर कोणी शौचकूपात भसकन पाणी सोडले. ते पाणी उभ्या पाइपातून वेगाने खाली येते. येताना ते आपल्याबरोबर पाइपातली हवाही खाली ओढते. इंजेक्शनच्या पिचकारीचा दट्ट्या ओढावा तसाच हा प्रकार. पाण्याच्या मागे, म्हणजे वरच्या भागात, हवा विरळ होऊन दाब घटतो. पाण्याच्या पुढे, म्हणजे खालच्या भागात, हवा दाबली जाऊन दाब वाढतो. पाइपाचे वरचे तोंड उघडे असेल तर गच्चीवरून ताजी हवा झटकन आत येते आणि घट भरून काढते. तोंड बंद असेल तर पाइपाला हवा कोठून तरी घ्यावीच लागते. ती तो घेतो तुमच्या मोरीतून! बाहेरच्या हवेचा दाब मोरीतल्या त्या पाच सेंटिमीटर पाण्याला ढकलून पाइपात लोटतो. गुडगुड आवाज येतो आणि दार निघून जाते. तळमजल्यावर याच्या उलट घडते. तेथे वाढलेल्या दाबामुळे मोरीतून बुडबुडे वर येतात, कधी घाण पाणीही उसळते.

यासाठी दाबात किती फरक पडावा लागतो? हिशेब करून पाहू. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १,०३३ सेंटिमीटर उंचीच्या जलस्तंभाएवढा असतो. आपले दार आहे ५ सेंटिमीटरचे.

५ ÷ १,०३३ = सुमारे १/२००

म्हणजे पाइपातील दाब हवेच्या दाबापेक्षा दोनशेव्या भागाने जरी घटला, तरी दार उघडते! तुम्ही २० सेंटिमीटर उंच नळीने उसाचा रस ओढता तेव्हा तोंडाने याच्या चौपट ओढ लावता. घराचे रक्षण करणारे दार असे नाजूक आहे. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा ठेवणारा कोणीतरी रखवालदार हवा. तो रखवालदार म्हणजे गच्चीवरचा उघडा पाइप. मोरीतले पाणी आणि गच्चीवरचे तोंड ही एकाच यंत्राची दोन अंगे आहेत. एक बंद राहावे म्हणून दुसरे उघडे ठेवावे लागते.

उंच इमारतींत एकच उभा पाइप पुरत नाही. मग मैल्याच्या पाइपाशेजारी केवळ हवेसाठी दुसरा बारीक पाइप उभारतात आणि तो मजल्यामजल्याला जोडतात. डक्टमध्ये जोडीने जाणारे दोन पाइप दिसले तर त्यांतला बारीक पाइप बहुधा हाच असेल.

वारा, जाळी आणि डास

हवा आत घेण्याबरोबर हा पाइप आणखी एक काम करतो. तो खालचे वायू वर नेऊन मोकळ्या हवेत सोडतो. पाइपाच्या तोंडावरून वारा वाहू लागला की तेथील दाब किंचित घटतो आणि आतली हवा वर खेचली जाते. वर येणारा वायू कोणाच्या नाकाशी येऊ नये म्हणून, ज्या गच्चीवर माणसे वावरतात तेथे हा पाइप डोक्यापेक्षा उंच, सुमारे २ मीटर नेतात. त्याचे तोंड शेजारच्या खिडकीजवळ येऊ देत नाहीत.

या साध्या तत्त्वाचा एक सुंदर उपयोग १९७० च्या दशकात आफ्रिकेत, आजच्या झिंबाब्वेत झाला. पीटर मॉर्गन या संशोधकाने खड्ड्याच्या साध्या संडासाला एक उभा वायुपाइप जोडला, त्याच्या तोंडावर जाळी बसवली आणि संडासाची खोली आतून अंधारी ठेवली. वाऱ्यामुळे खड्ड्यातली दुर्गंधी पाइपातून वर जाऊ लागली. खड्ड्यातल्या माश्या उजेडाकडे जातात. अंधाऱ्या खड्ड्यातून त्यांना उजेड दिसे तो पाइपाच्या वरच्या तोंडाचा. त्या तिकडे जात आणि जाळीत अडकून मरत. मॉर्गन यांनी माश्या मोजल्या. ७८ दिवसांत पाइप नसलेल्या संडासातून सुमारे १४ हजार माश्या बाहेर आल्या, तर पाइप असलेल्यातून दीडशेहूनही कमी! २०१३ मध्ये मॉर्गन यांना स्टॉकहोम जल पुरस्कार देण्यात आला.

आपल्याकडे माशीइतकाच त्रास क्युलेक्स डासाचा. डेंग्यूचा एडिस डास घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, पण क्युलेक्सला घाण पाणी लागते. सेप्टिक टँक म्हणजे त्याचे प्रसूतिगृहच. हत्तीरोगाचा प्रसार करणारा डास तो हाच. टाकी वरून कितीही घट्ट झाकली तरी उघडा वायुपाइप त्याला येण्याजाण्याला मोकळा रस्ता असतो. आरोग्य कर्मचारी "पाइपाला जाळी बांधा" असे सांगतात ते यासाठी. येथे आपल्या प्रश्नाचा उलगडा होतो. पाइपाला झाकण नको, पण जाळी हवी. नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा तोंडावर ताणून बांधला की हवा जाते, डास जात नाही. ही जाळी धूळ, कोळिष्टके आणि पानांनी बंद झाली तर मात्र ती झाकणच होते. म्हणून वर्षातून एकदा तरी ती पाहावी आणि फाटली असल्यास बदलावी.

बिडाकडून प्लास्टिककडे

जुन्या इमारतींत हे पाइप बिडाचे असत. त्यांचे सांधे तागाचा दोर ठोकून आणि वितळलेले शिसे ओतून बंद करीत. काम जड, खर्चाचे आणि कौशल्याचे. आता बहुतेक घरांत पीव्हीसीचे, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइडचे पाइप दिसतात. बिडाची घनता पाण्याच्या सुमारे ७ पट, पीव्हीसीची जेमतेम १.४ पट. म्हणून प्लंबर लांबलचक पाइप खांद्यावर टाकून एकटाच जिना चढतो.

नावात प्लास्टिक असले तरी या पदार्थाचा अर्ध्याहून अधिक भाग मिठापासून येतो! पडताळून पाहा. त्याच्या साखळीतील एका कडीचे सूत्र C₂H₃Cl. कार्बन २४, हायड्रोजन ३ आणि क्लोरीन ३५.५ मिळून ६२.५. त्यात क्लोरीनचा वाटा सुमारे ५७ टक्के. हे क्लोरीन मिठाच्या पाण्यातून वीज सोडून मिळवतात. १८७२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान याच्या प्रयोगात, व्हिनाइल क्लोराइड वायू भरलेल्या नळ्या उन्हात राहिल्यावर आत पांढरा घन पदार्थ तयार झालेला आढळला. तोच पीव्हीसी. त्याचे पाइप मात्र १९३० च्या दशकात जर्मनीत बनू लागले.

उन्हातून जन्मलेला हा पदार्थ उन्हालाच भितो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्याच्या लांब साखळ्या तोडतात. मग पाइप फिका पडतो, त्यावर पांढरी भुकटी दिसते आणि तो ठिसूळ होतो. म्हणून कारखान्यात त्यात टायटॅनियम डायऑक्साइडसारखी द्रव्ये मिसळतात. गच्चीवरच्या उघड्या भागाला फिका रंग दिला तर आणखी बरे.

दुसरा स्वभाव प्रसरणाचा. १ अंश सेल्सिअस तापमान वाढले की पीव्हीसीची १ मीटर लांबी सुमारे ०.०७ मिलिमीटरने वाढते. लोखंडाची वाढ याच्या साधारण सहाव्या भागाइतकी असते. नाशिकमध्ये हिवाळ्याच्या पहाटे पारा १० अंशांपर्यंत आणि त्याखालीही उतरतो. मे महिन्यातल्या दुपारी उन्हात तापलेला पाइप ६० अंशांवर जाऊ शकतो. फरक झाला ५० अंशांचा. ३ मीटर लांबीचा पाइप किती वाढेल?

०.०७ × ३ × ५० = १०.५ मिलिमीटर

म्हणजे एक सेंटिमीटरहून अधिक! दोन्ही टोके सिमेंटात पक्की गाडली तर हा पाइप वाकेल किंवा सांध्यात फुटेल. म्हणूनच उभ्या पाइपाच्या सांध्यात रबराचे कडे घालतात, आणि पाइप आत पूर्ण ठोकल्यावर साधारण १ सेंटिमीटर मागे ओढतात. ही मोकळी जागा म्हणजे उन्हाळ्यासाठी ठेवलेली शिल्लक. रुळांच्या सांध्यात फट ठेवत तसेच हे. जेथे रबर नसते तेथे द्रावक लावून पाइप जोडतात. तो डिंकासारखा नुसता चिकटवत नाही. तो दोन्ही पृष्ठभाग थोडे विरघळवतो, आणि सुकल्यावर दोन पाइपांचे मिळून एकच अंग होते. म्हणून असा जोड पुन्हा सुटत नाही.

तिसरी गोष्ट उष्णतेची. साधा पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो. सौर बंबाचे पाणी याच्या जवळपास जाऊ शकते. त्यासाठी अधिक क्लोरीन भरलेला सीपीव्हीसी वापरतात. हा पाइप बहुधा फिक्या पिवळसर रंगाचा असतो. गच्चीवर सौर बंबातून निघालेल्या पाइपाचा रंग पाहा, म्हणजे फरक कळेल. पिण्याच्या पाण्याच्या पाइपांबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. पूर्वी पीव्हीसी टिकाऊ व्हावा म्हणून त्यात शिशाची संयुगे मिसळत. शिसे शरीराला, विशेषतः मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून भारत सरकारने २०२१ मध्ये नियम करून पाइपांतून शिसे हटवण्याची दिशा ठरवली. आणि पाइपांचे तुकडे शेकोटीत कधी जाळू नका. त्यातले क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा होऊन तुमच्या डोळ्यांत आणि घशात जाते.

पाणी आटले तर?

पाइप उत्तम, गच्चीवरचे तोंड उघडे, जाळी नीट. तरीही दार निघून जाऊ शकते. कसे? तुम्ही मे महिन्यात मामाच्या गावाला जाता. घर महिनाभर बंद राहते. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात मोरीतले पाणी हळूहळू आटते. परत येऊन दार उघडताच घरभर कुबट वास येतो. तो बंद घराचा वास नव्हे, तर दार उघडे राहिलेल्या गटाराचा असतो. उपाय अगदी सोपा. प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता. गावाला जाण्यापूर्वी मोरीतल्या पाण्यावर चमचाभर गोडेतेल टाकले तर आणखी उत्तम. तेलाचा थर पाण्याची वाफ होऊ देत नाही.

एवढ्याशा गोष्टीचे मोल किती असते ते २००३ मध्ये हाँगकाँगला कळले. तेथील अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत मार्च महिन्यात सार्स रोगाची साथ पसरली आणि तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. तज्ज्ञांनी शोध घेतला तेव्हा एक कारण मोऱ्यांत सापडले. लोक नहाणीघराची फरशी पाण्याने धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसत. त्यामुळे फरशीवरच्या मोरीच्या वळणात पाणी पडतच नसे आणि ते आटून गेले होते. हवा बाहेर फेकणारे पंखे लावले की आटलेल्या मोरीतून पाइपातले दूषित तुषार खोलीत ओढले जात. एका बिऱ्हाडातला रोग पाइपातून दुसऱ्या बिऱ्हाडात पोचत होता. जी मोरी कोणी वापरत नाही तीच सर्वांत धोक्याची, हा धडा त्यातून मिळाला.

करून पाहा

१. प्लास्टिकच्या बाटलीच्या टोपणाला पेन्सिल जाईल एवढे भोक पाडा आणि बुडाजवळ दाभणाने एक लहान भोक पाडा. बुडाजवळचे भोक बोटाने दाबून बाटली पाण्याने भरा, टोपण लावा आणि बाटली उपडी धरा. पाणी अडखळत पडेल. आता बोट काढा. धारेतला फरक पाहा. बोट म्हणजे गच्चीवरचे झाकण.

२. गवंडी पातळी पाहण्यासाठी पाणसळाची पारदर्शक नळी वापरतात. तसली स्वच्छ नळी मीटरभर घ्या. ती इंग्रजी U अक्षरासारखी वाकवून तीत चिमूटभर हळद कालवलेले पाणी भरा. नळीमागे पट्टी धरा आणि एका टोकाला तोंड लावून अगदी हळू ओढा. दोन्ही बाजूंच्या पातळ्यांत ५ सेंटिमीटरचा फरक पडायला किती थोडी ओढ पुरते ते पाहा.

३. घरातली एक मोरी दोन आठवडे न वापरता ठेवून तिच्यातली पाण्याची पातळी दररोज एकाच वेळी काडीने मोजा आणि आलेख काढा. पातळी फार उतरली की लगेच पाणी ओता. शिक्षकांनी हा प्रयोग उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात असा दोनदा करून घेतला, तर बाष्पीभवनाचा पाठ वेगळा शिकवावा लागणार नाही.

४. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन गच्चीवर जा. वायुपाइपाचे तोंड उघडे आहे का? जाळी आहे का? ते शेजारच्या खिडकीसमोर तर येत नाही ना? पाइप फिका पडून ठिसूळ झाला आहे का? कठड्यावर मात्र चढू नका, आणि सेप्टिक टँकचे झाकण स्वतः कधीही उघडू नका.

तुमच्या पाहणीत एखादा बंद केलेला पाइप सापडला तर घरच्यांना आणि प्लंबरला तेलाच्या डब्याची गोष्ट सांगा. पाइप बंद करणाऱ्या माणसाला बहुधा एवढेच ठाऊक नसते की त्यातून पाणी जात नसले तरी घराचा श्वास जातो. झाकण काढा, त्या जागी मच्छरदाणीचा तुकडा बांधा, आणि खाली येऊन प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर कोणी भसकन पाणी सोडले, की तुमच्या मोरीशी कान देऊन ऐका. गुडगुड ऐकू आली नाही, तर काम फत्ते झाले असे समजा.